स्वतःशी मायेने वागणं आणि स्वतःची कदर करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःशी मायेने वागायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

चूक झाली, अपयश आलं, कुणी घालूनपाडून बोललं किंवा नुसताच दिवस वाईट गेला, की आपण मनातल्या मनात स्वतःशी एका विशिष्ट सुरात बोलतो. तो सूर बदलायचा. परिस्थिती तीच राहते, चूकही तीच राहते. 'मूर्खा, तुला साधी गोष्ट जमत नाही' या वाक्याची जागा मात्र 'हे चुकलं, आणि त्याचा त्रास होतोय. आता काय करता येईल?' हे वाक्य घेतं.

अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये या वृत्तीची शास्त्रीय मांडणी केली आणि ती मोजण्यासाठी एक प्रश्नावलीही तयार केली. मराठीत या संकल्पनेला आत्मकरुणा म्हणतात. नेफ यांच्या मांडणीत तिचे तीन भाग आहेत. अडचणीत असताना स्वतःला बोल लावण्याऐवजी समजून घेणं हा पहिला. चुकणं आणि दुखावलं जाणं सगळ्याच माणसांच्या वाट्याला येतं, आपण एकटेच असे नाही, याची जाण ठेवणं हा दुसरा. आणि जे वाटतंय ते दाबून न टाकता, पण त्यात वाहूनही न जाता, आहे तसं पाहणं हा तिसरा.

या तिसऱ्या भागाबद्दल फार कमी बोललं जातं, आणि माझ्या मते सगळ्याचा पाया तोच आहे. आपल्याला त्रास होतोय हेच कबूल केलं नाही, तर माया करायची कशावर?

म्हणजे स्वतःचे लाडच ना?

नाही. लाड केले की आत्ता बरं वाटतं. माया पुढचंही बघते. रात्री उशिरापर्यंत मोबाइल बघत बसणं हा लाड झाला. तो बाजूला ठेवून झोपणं ही माया. कधीकधी माया म्हणजे जिममध्ये जाणं, दाताच्या डॉक्टरांची वेळ घेणं, एखाद्याला ठामपणे नकार देणं. ती मऊच असते असं नाही.

स्वतःला झापलं नाही तर मी ढिला पडेन. आजवर जे मिळवलं ते स्वतःला फटकारूनच मिळवलं. त्याचं काय?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि तो प्रामाणिक आहे. त्यामुळे त्याला एका ओळीत उत्तर देऊन भागणार नाही.

भीतीने माणूस हलतो, हे खरं आहे. डोक्यावर तलवार असली की काम उरकतं. पण भीती आणखी एक काम करते, ते आपल्या लक्षात येत नाही. चुकीकडे पाहिलं की मार बसणार हे एकदा मनाला कळलं, की मन चुकीकडे पाहायचंच टाळतं. निकालाचा ईमेल दोन दिवस उघडलाच जात नाही. तपासणीचा रिपोर्ट आणायला जाणं पुढे ढकललं जातं. अर्धवट राहिलेल्या कामाची फाईल स्क्रीनवर दिसली तरी नजर बाजूला वळते. बाहेरून हा आळस वाटतो. आतून ती स्वतःच्याच बोलण्याची धास्ती असते.

यावर नेमका अभ्यास झालेला आहे. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल विचारलं. ज्यांनी त्या चालढकलीबद्दल स्वतःला माफ केलं होतं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. पुढे २०१२ मध्ये ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी एक अवघड शब्दपरीक्षा घेतली, जी बहुतेकांना नीट जमणारच नव्हती. नंतर काही जणांना स्वतःच्या अपयशाकडे समजुतीने पाहायला सांगितलं, तर काही जणांना स्वतःच्या हुशारीची आठवण करून दिली. दुसऱ्या परीक्षेआधी अभ्यासाला हवा तेवढा वेळ होता. समजुतीने पाहणाऱ्यांनी जास्त वेळ अभ्यास केला.

आता 'आजवर फटकारूनच मिळवलं' याबद्दल. आपण यशाचं श्रेय फटक्यांना देतो. त्या काळात घेतलेली मेहनत, वेळेवर मागितलेली मदत, पडल्यावर पुन्हा केलेले प्रयत्न, कुणीतरी दिलेला धीर, हे हिशेबात धरत नाही. एखाद्या जुन्या यशाची आठवण काढा आणि त्या दिवसांत रोज काय काय करत होतात ते शांतपणे लिहून पाहा. फटकारण्याशिवाय बरंच काही सापडेल.

ही मनातली टोचणी येते तरी कुठून?

बऱ्याचदा ती आपल्या रक्षणासाठीच आलेली असते. लहानपणी ज्यांच्या रागाची भीती वाटायची त्यांच्याआधी आपणच स्वतःला रागावलो, तर त्यांचं बोलणं कमी लागतं. मन ही युक्ती शिकतं आणि मोठेपणीही सोडत नाही. कधी आवाज आईवडिलांचा असतो, कधी शिक्षकांचा, कधी वर्गातल्या टवाळांचा. शब्द मात्र आता आपले झालेले असतात.

ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांनी करुणाकेंद्री उपचारपद्धती विकसित केली. त्यांच्या मांडणीत माणसाच्या भावनांमागे तीन यंत्रणा काम करतात: धोका ओळखणारी, काहीतरी मिळवायला धावणारी आणि शांतवणारी. स्वतःवरची टीका पहिल्या यंत्रणेला जागं करते. शरीराला धोका बाहेरचा आहे की आपल्याच विचारातला, याच्याशी घेणंदेणं नसतं. छाती धडधडते, स्नायू आवळले जातात, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. स्वतःला दिवसभर टोचणारा माणूस एकाच वेळी हल्ला करणारा आणि हल्ला झेलणारा असतो. संध्याकाळी काहीही न करता तो थकलेला असतो, यात नवल नाही.

शिवाय वाईटाचा ठसा चांगल्यापेक्षा खोल उमटतो. दहा जणांनी छान म्हटलं आणि एकाने नाक मुरडलं, तर झोपताना तो एकच आठवतो. हा तुमचा दोष नाही, मनाची घडणच तशी आहे.

आत्मसन्मान वाढवायला सांगतात, ते आणि हे एकच का?

जवळचं आहे, पण एक नाही. आत्मसन्मान बरेचदा तुलनेवर उभा असतो. परीक्षेत पहिले आलो, पगार वाढला, लोकांनी वाखाणलं, की तो वर. हरलो की खाली. म्हणजे ज्या दिवशी आधाराची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच दिवशी तो हात सोडतो. स्वतःबद्दलच्या करुणेला जिंकण्याची अट नसते. हरलेल्या दिवशी करायची गोष्टच ती आहे.

चूक झाली त्या क्षणी नक्की काय करायचं?

एक प्रसंग जवळून पाहू. कार्यालयात तुम्ही सगळ्यांना ईमेल पाठवला आणि त्याला गेल्या महिन्याची फाईल जोडली. सगळ्यांना दिसेल असं कुणीतरी उत्तर दिलं, 'आकडे जुने आहेत.' कान गरम झाले, पोटात गोळा आला. तुम्ही योग्य फाईल शोधली, दिलगिरीची एक ओळ लिहिली, पाठवली. पंधरा मिनिटांत प्रकरण संपलं. पण रात्री अकरा वाजता अंथरुणात ते पुन्हा सुरू होतं.

अशा वेळी आधी शरीराकडे बघा. छातीवर किंवा पोटावर हात ठेवा आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. स्वतःच्या हाताच्या स्पर्शाचाही परिणाम होतो: २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ताण येण्याआधी थोडा वेळ छातीवर आणि पोटावर हात ठेवून बसलेल्यांमध्ये कॉर्टिसॉलचं प्रमाण कमी आढळलं. करून बघायला काहीच लागत नाही.

मग मनात जे वाक्य फिरतंय ते जसंच्या तसं कागदावर उतरवा. सभ्य करू नका. 'तुझ्यावर काही सोपवण्यात अर्थच नाही. सगळ्यांसमोर शोभा झाली.' आता हीच चूक शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडून झाली असती आणि तो रडकुंडीला येऊन तुमच्याकडे आला असता, तर काय म्हणाला असतात ते खाली लिहा. 'घाईत जुनी फाईल जोडली गेली. सगळ्यांसमोर झालं, वाईट वाटणारच. पण लगेच दुरुस्त करून पाठवलीस. पुढच्या वेळी फाईलच्या नावातच महिना लिहीत जा.'

दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचा. खरं कशात जास्त आहे? 'अर्थच नाही' हे सत्य नव्हे, तो घाव आहे. 'घाईत जोडली गेली' हे सत्य आहे. आणि उपयोगाची एकमेव गोष्ट, फाईलच्या नावात महिना लिहिण्याची, ती दुसऱ्याच मजकुरात आहे. हा व्यायाम मला इतका मोलाचा वाटतो तो यासाठीच. आपण समजतो की कठोर आवाज सत्य सांगतो आणि मायेचा आवाज समजूत काढतो. कागदावर बघितलं की बरेचदा उलटं निघतं.

आणखी एक साधी गोष्ट: स्वतःशी बोलताना 'मी' ऐवजी आपलं नाव घेऊन बोलून पाहा. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधील प्रयोगांत असं बोलणाऱ्यांना ताणाच्या प्रसंगी स्वतःपासून थोडं अंतर राखता आलं आणि नंतरचा पश्चात्तापाचा घोळही कमी झाला. मोठ्याने बोलायची गरज नाही.

आरशासमोर उभं राहून 'मी सुंदर आहे, मी यशस्वी आहे' असं म्हणायचं का?

पटत असेल तर म्हणा. पटत नसेल तर म्हणू नका, कारण ते उलटू शकतं. जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये लोकांना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' या अर्थाचं वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचा आत्मसन्मान आधीच कमी होता, त्यांना त्यानंतर आणखी वाईट वाटलं. मन लगेच पुरावा मागतं, आणि पुरावा सापडला नाही की आधीपेक्षा खाली जातं.

म्हणून न पटणाऱ्या मोठ्या वाक्यापेक्षा पटणारं छोटं वाक्य बरं. 'आज मला जड जातंय आणि तरी मी उठलो' हे नाकारता येत नाही.

स्वतःचं कौतुक करणं म्हणजे आपलीच पाठ थोपटून घेणं नव्हे का?

चारचौघांत स्वतःचे गोडवे गाणं वेगळं आणि आपण केलेल्या कामाची मनाशी नोंद घेणं वेगळं. नोंद घेण्यात कुणाला कमी लेखावं लागत नाही. 'मी सगळ्यांपेक्षा चांगलं शिकवतो' यात तुलना आहे. 'आज त्या मुलाला अपूर्णांक समजेपर्यंत मी धीर सोडला नाही' ही नोंद आहे.

अनेक घरांतून कौतुकाच्या बाबतीत हात आखडता घेतला जातो. पोर शेफारेल ही भीती असते. त्यातून मोठं झालेल्या माणसाला स्वतःबद्दल एक बरं वाक्य लिहायला सांगितलं, तर पेन थबकतं आणि लाज वाटते. ती लाज वाटू द्या आणि वाक्य लिहा. एकटं असताना लिहा, कुणाला दाखवू नका. आणि गुणाबद्दल लिहू नका, कृतीबद्दल लिहा. 'मी दयाळू आहे' यावर मन वाद घालतं. 'फोनवर ती अर्धा तास बोलत होती आणि मी मध्ये तोडलं नाही' यावर वाद घालायला जागाच नसते.

कृतज्ञतेची वही लिहिण्याने खरंच काही होतं का? कशी लिहायची?

होतं, पण अपेक्षा बेताची ठेवा. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलॉ यांचा २००३ मधील अभ्यास या विषयात सर्वांत जास्त सांगितला जातो. त्यात एका गटाने आठवड्यातून एकदा, ज्याबद्दल कृतज्ञ वाटलं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या; दुसऱ्या गटाने कटकटी लिहिल्या. दहा आठवड्यांनंतर पहिल्या गटाला आयुष्याबद्दल अधिक बरं वाटत होतं. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये लोकांना आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या ते लिहायला सांगितलं. परिणाम सहा महिन्यांपर्यंत दिसला, विशेषतः ज्यांनी आठवडा संपल्यावरही आपणहून लिहिणं चालू ठेवलं त्यांच्यात. पण पुढे २०२१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांवर या व्यायामांचा परिणाम आहे, पण माफक आहे, असं दिसलं. म्हणजे वही हे औषध नाही. सवय म्हणून चांगली आहे.

लोक वही का सोडतात हे पाहिलं तर बहुतेकदा कारण एकच असतं: मजकूर घोटीव होतो. 'कुटुंब, आरोग्य, नोकरी.' दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी हात यंत्रासारखा चालतो आणि मन भलतीकडेच असतं.

त्याऐवजी एकच गोष्ट घ्या आणि तिच्या जवळ जा. 'कुटुंब' असं लिहू नका. 'सकाळी मी फोनवर बोलत होते, तेव्हा त्याने न सांगता खिडकी लावली, कारण बाहेरचा आवाज मला त्रास देत होता हे त्याच्या लक्षात आलं' असं लिहा. कुणी केलं, काय केलं, त्याला त्यासाठी काय पडलं आणि आपल्याला नेमकं काय मिळालं, एवढं लिहिलं की तीन-चार ओळी होतात आणि पुरतात. 'का घडलं' हा भाग गाळू नका. त्यातूनच कळतं की चांगल्या गोष्टी आपोआप टपकत नाहीत, त्यामागे कुणाचं तरी लक्ष असतं. कधीकधी ते लक्ष तुमचंच असतं, तेही लिहा.

रोज लिहायलाच हवं असं नाही. आठवड्यातून एकदोनदा मन लावून लिहिलेलं रोजच्या पाट्या टाकण्यापेक्षा बरं.

लिहायला बसलं की चांगलं काही सापडतच नाही.

मग त्या दिवशी लिहू नका. दुःखाच्या, आजारपणाच्या, कुणी गेल्याच्या दिवसांत स्वतःला चांगलं शोधायला लावणं ही एक प्रकारची जबरदस्तीच आहे. 'आज फार वाईट दिवस होता' एवढंच लिहून वही मिटली तरी ते स्वतःशी प्रामाणिक राहणं झालं.

कृतज्ञतेचा वापर तोंड बंद करायला होतो, तोही थांबवायला हवा. 'तुला काय कमी आहे? किती जणांना एवढंही मिळत नाही' हे वाक्य इतरांकडून ऐकलेलं असतं आणि मग आपणही स्वतःला ऐकवतो. अन्याय होत असेल, कुणी छळत असेल, कामाच्या ठिकाणी पिळवणूक होत असेल, तर तिथे आभार मानण्याची नाही, बोलण्याची आणि बाहेर पडण्याची गरज असते.

माझं दुःख इतरांपुढे काहीच नाही. मला स्वतःची कीव करायचा काय हक्क?

माया मिळायला दुःखाची पात्रता परीक्षा नसते. बोट कापलं तर आपण पट्टी लावतो, कुणाचा हात मोडलाय याची वाट पाहत नाही.

राहिली गोष्ट कीव करण्याची. कीव म्हणते, 'माझ्याच नशिबी हे का?' आणि माणसाला एका खोलीत कोंडून घेते. करुणा म्हणते, 'हे अवघड आहे, आणि अशा वेळी कुणालाही असंच वाटेल.' इतरांचं दुःख दिसणं करुणेच्या आड येत नाही, उलट तिथूनच ती सुरू होते.

कुणी कौतुक केलं की मला अवघडायला होतं. 'छे, त्यात काय एवढं' असंच तोंडून निघतं.

'धन्यवाद, ऐकून बरं वाटलं' एवढं म्हणून गप्प बसायचा सराव करा. पुढचं वाक्य गिळायचं. सुरुवातीला ते दोन सेकंद फार लांब वाटतात.

स्वतःशी प्रेमाने बोलायला गेलो तर उलट रडू आलं, जुन्या गोष्टी वर आल्या. माझं काही चुकतंय का?

चुकत नाही. हे इतक्या जणांच्या बाबतीत होतं की मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर गर्मर यांनी त्याला आगीच्या भडक्याची उपमा दिली आहे: बंद खोलीत धुमसत असलेल्या आगीचं दार अचानक उघडलं, की बाहेरची हवा आत शिरते आणि भडका उडतो. वर्षानुवर्षं न मिळालेली माया एकदम मिळाली, की ती कधी मिळाली नव्हती हे जाणवतं. दुखतं ते त्याने.

अशा वेळी दार पूर्ण उघडायचा हट्ट धरू नका. डोळे उघडा, पाय जमिनीला टेकलेले आहेत ते जाणवू द्या, उठून चेहरा धुवा, चालून या. त्या दिवशी माया म्हणजे व्यायाम थांबवणं. छळ, हिंसा किंवा मोठा आघात सोसलेला असेल, तर हा प्रवास एकट्याने न करता प्रशिक्षित समुपदेशकाच्या सोबतीने केलेला बरा. हे सावधगिरीचं औपचारिक वाक्य म्हणून लिहीत नाही. खरंच तसं करा.

माझ्या हातून खरोखरच कुणाचं तरी वाईट झालं असेल तर? तरीही स्वतःला माफ करायचं?

घाईने नाही. इथे अपराधीपणा आणि शरम यांत फरक करावा लागतो. 'मी वाईट केलं' असं वाटतं तेव्हा माणूस भरपाईकडे वळतो: माफी मागतो, नुकसान भरून देतो, वागणं बदलतो. 'मीच वाईट' असं वाटतं तेव्हा तो लपतो, नाकारतो, कधी उलटा चिडतो. जून टँगनी यांच्यासह अनेक संशोधकांनी हा फरक वर्षानुवर्षं अभ्यासला आहे.

स्वतःबद्दलची माया अपराधीपणा पुसत नाही. ती शरमेचा भार थोडा हलका करते, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत बघून 'माझं चुकलं' म्हणायला बळ येतं. माफी मागताना 'पण' लावू नका, आणि समोरच्याने माफ करावं असा आग्रहही धरू नका. तो त्याचा निर्णय आहे. स्वतःला माफ करणं हे सगळं केल्यानंतरचं पाऊल आहे, त्याऐवजी टाकायचं नाही.

घरातल्या आजाऱ्याची सेवा करते. माझ्याकडे स्वतःसाठी वेळच नाही. मी काय करू?

तुम्हाला 'स्वतःसाठी तासभर काढा' असं सांगणं क्रूरपणाचं होईल. तो तास नसतो. म्हणून सेवा करता करताच काय होऊ शकतं तेवढंच सांगते. चादर बदलताना, औषध देताना एक श्वास त्यांच्यासाठी आणि एक श्वास स्वतःसाठी, असं मनात म्हणता येतं. चिडचिड झाली, आवाज चढला, तर 'मी किती दुष्ट' म्हणण्याआधी किती रात्री सलग झोप झालेली नाही, हे आठवा.

आणि मदत मागा. नेमकी मागा. 'कधीतरी येऊन जा' याने कुणी येत नाही. 'रविवारी दुपारी दोन तास बसशील का' याने येण्याची शक्यता असते. सेवा करणाऱ्याने थकू नये, ही अपेक्षाच अमानुष आहे, मग ती इतरांची असो की तुमची स्वतःची.

मुलांना हे कसं शिकवायचं?

तुमच्या हातून काही सांडलं की तुम्ही काय पुटपुटता, ते मुलं ऐकत असतात. 'मी पण ना, बावळटच' ऐवजी 'सांडलं. पुसून घेऊ' म्हणा. वेगळा धडा द्यायची गरज नाही.

किती दिवसांत फरक पडतो?

नेफ आणि गर्मर यांनी तयार केलेला सजग आत्मकरुणेचा प्रशिक्षणक्रम आठ आठवड्यांचा आहे. त्यांच्या २०१३ मधील अभ्यासात सहभागी लोकांमधला बदल वर्षभरानंतरही टिकून होता. पण तारखा मोजत बसू नका. पहिला बदल फार छोटा असतो: टोचणी थांबत नाही, ती चालू आहे हे आधीपेक्षा लवकर लक्षात येतं. पूर्वी तीन दिवस चालायचं ते संध्याकाळी कळतं. मग तासाभरात. हे लवकर कळणं हीच प्रगती समजा, आणि सराव चुकला तर त्यावरूनच स्वतःला धारेवर धरू नका.

याने नैराश्य किंवा चिंता बरी होते का? डॉक्टरांकडे कधी जायचं?

अँगस मॅकबेथ आणि अँड्र्यू गमली यांनी २०१२ मध्ये १४ अभ्यास एकत्र तपासले. स्वतःबद्दल जास्त करुणा असलेल्यांमध्ये नैराश्य, चिंता आणि ताण कमी दिसला. पण एक कमी असताना दुसरं जास्त दिसणं म्हणजे एकाने दुसरं बरं केलं असा अर्थ होत नाही. उपचारांना जोड म्हणून याचा उपयोग आहे. उपचारांच्या जागी हे नको, आणि चालू औषधं तर याच्या भरवशावर अजिबात बंद करू नका.

दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, रोजची कामं होत नसतील, तर डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नको वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर दोन आठवडे थांबू नका. आत्ता, याच क्षणी जवळच्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा, एकटे राहू नका, आपल्या भागातील आपत्कालीन सेवेला किंवा मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा. अशा वेळी मदत मागण्याइतकी मोठी माया दुसरी नाही.

माझ्या जवळचा माणूस सतत स्वतःला बोल लावतो. मी त्याला काय म्हणू?

'असं नको बोलूस' म्हणू नका, 'तू किती छान आहेस' हेही लगेच नको. तो वाद घालायला लागतो आणि स्वतःविरुद्धचे पुरावे एकेक करून पुढे ठेवतो. आधी ऐका. 'फार लागलंय तुला हे' एवढं म्हणा आणि थांबा. नंतर, दुसऱ्या दिवशी हवं तर, त्याने केलेली एखादी नेमकी गोष्ट सांगा: 'काल मीटिंगमध्ये तो नवा मुलगा अडखळला, तेव्हा तू त्याला वेळ दिलास. त्याने नंतर मला सांगितलं.' नाकारता येणार नाही इतकी छोटी आणि खरी गोष्ट. त्याने ती हसण्यावारी नेली तरी चालेल, पटवायला जाऊ नका. आणि त्याच्या बोलण्यात 'मी नसलेलाच बरा' असं काही आलं, तर घाबरून विषय बदलू नका. जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारा. असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जात नाही. उत्तर 'हो' आलं तर त्याच्याजवळ बसून राहा आणि डॉक्टरांना फोन लावताना तो समोर असू द्या.